पुराच्या रात्री वायरलेस मुका का पडतो? फ्रिक्वेन्सी मागताना या चुका टाळा

"भाऊ, आमाले फ्रिक्वेन्सीच खराब देल्ली."

पावसाळा लागला की दर आठवड्याला एखादा तरी फोन असा येतो. मी वायरलेस संच दुरुस्त करतो. नगर परिषदांच्या आगीच्या गाड्या, जंगलातल्या चौक्या, रुग्णवाहिका, नदीकाठच्या पोहणाऱ्या पोरांची बचाव पथकं, हे माझं गिऱ्हाईक. इतक्या वर्षांत खरोखर खराब फ्रिक्वेन्सी मी दोन-तीनदाच पाहिली. बाकी घोळ असतो तो ती मागताना, वाटून घेताना, नाहीतर अँटेनाचा खांब उभा करताना झालेला.

आधी संच, मग परवाना

मार्च संपत आलेला असतो, निधी परत जायला नको म्हणून तीस वॉकी-टॉकी घेतले जातात. मग माझ्यासमोर खोकं उघडतं आणि हुकूम येतो, "एखादी मोकळी पाहून टाकून द्या." मोकळी म्हणजे काय, तर दोन दिवस ऐकलं आणि कोणी बोललं नाही. अहो, जंगलातली चौकी दिवसातून दोनदाच हजेरी देते. आगीच्या मोसमात बोलणारं पथक पावसाळ्यात गप्प असतं. शिवाय तुम्ही खोलगट भागात बसून ऐकता आणि ज्याची फ्रिक्वेन्सी आहे तो टेकडीपलीकडे असतो. शांत फ्रिक्वेन्सी आणि रिकामी फ्रिक्वेन्सी यांत फार अंतर आहे.

ती नेमून देण्याचा अधिकार केंद्राच्या दूरसंचार विभागातल्या डब्ल्यूपीसी (वायरलेस नियोजन व समन्वय) शाखेचा. ही शाखा 1952 पासूनची. जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असले तरी फ्रिक्वेन्सी देऊ शकत नाहीत; त्यांचं शिफारसपत्र मात्र अर्जाला जोडायला उपयोगी पडतं. अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर करायचा. खांबाच्या जागेसाठी सॅकफा या केंद्राच्या समितीची मंजुरी वेगळी लागते आणि संचाला ईटीए, म्हणजे त्या प्रकारच्या संचाला सरकारी मान्यता, आहे का ते खरेदीआधी बघायचं, खरेदीनंतर नाही. परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख एका बाबूच्या डोक्यात ठेवू नका, त्याची बदली होते.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त वॉकींचाही मोह असतो. विनापरवाना चालणारे वॉकी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झमधले, कमी ताकदीचे. जत्रेत पार्किंग सांभाळायला ठीक, पुरात नाही. बाकी बँडचे (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांचे) संच परवान्याशिवाय विकले जात होते म्हणूनच 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. आणि 144 ते 146 मेगाहर्ट्झ हा हौशी रेडिओवाल्यांचा पट्टा आहे. ते परीक्षा देऊन परवाना घेतात आणि आपत्तीत मदतही करतात, पण म्हणून आगीची गाडी त्यांच्या पट्ट्यात घुसवायची नसते.

अर्जात पल्लाही उगाच फुगवू नका. रॉयल्टीचा, म्हणजे फ्रिक्वेन्सी वापरण्याच्या सरकारी शुल्काचा, हिशेब अंतर, बँडची रुंदी आणि संचांची संख्या यांवर बसत आला आहे. तालुक्याचं काम असताना जिल्हाभराचा पल्ला मागितला की पैसे जास्त जातात आणि शेजाऱ्याच्या डोक्याला तापही जास्त.

ज्याचा त्याचा चॅनेल, आणि नाल्यावर कोणीच नाही

माझ्या मते ही सगळ्यांत महागडी चूक. वर्धा नदीकाठच्या एका तालुक्यातली ऑगस्टमधली रात्र. नाल्याच्या अलीकडे आगीची गाडी, पलीकडे बोट घेतलेलं पथक, मध्ये गोठ्याच्या टिनावर चढून बसलेलं कुटुंब. दोघांकडे चांगले पाच वॅटचे वॉकी. दोघांचे चॅनेल वेगळे. गाडीवरचा माणूस मोबाइलवरून जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला सांगे, कंट्रोल रूम दुसऱ्या वायरलेसवरून पथकाला कळवे. दीडशे फुटांवरच्या माणसापर्यंत निरोप जायला पाच-सहा मिनिटं. मग मोबाइल टॉवरची बॅटरी संपली आणि तेही बंद झालं. शेवटी टॉर्चच्या इशाऱ्यांवर बोट गेली. माणसं वाचली, पण दुसऱ्या दिवशी त्या गाडीचा चालक माझ्याकडे वॉकी आपटून म्हणाला, "हे डबडं काऊन देल्लं राजेहो आमाले?" डबड्यात काहीच बिघाड नव्हता. कागदावर प्रत्येक खात्याने आपापली फ्रिक्वेन्सी मागितली होती. एकमेकांशी बोलायची कोणीच नाही.

म्हणून अर्ज भरण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि खात्यांची नावं न लिहिता प्रसंग लिहा: नाल्याचा पूर, गोदामाची आग, बस दरीत, गावात शिरलेला वाघ. प्रत्येक प्रसंगापुढे लिहा, जागेवर कोणाला कोणाशी बोलायचं आहे. बहुतेक तालुक्यांत उत्तर सारखंच निघतं: रोजच्या कामाचा रिपीटर (उंचावर बसून आलेला आवाज पुन्हा लांब फेकणारा संच), जागेवर थेट बोलायचा एक चॅनेल, आणि सगळ्यांचा मिळून एक. सामायिक चॅनेलला प्रत्येकाच्या परवान्यात जागा हवी. दुसऱ्याच्या नावावरची फ्रिक्वेन्सी "आणीबाणीसाठी" म्हणून गुपचूप भरून ठेवणं चालत नाही. पोलिसांना यात आणायचं तर त्यांच्या वायरलेस विभागाला पहिल्या बैठकीपासून बोलवा. त्यांचा देशपातळीवरचा समन्वय दिल्लीच्या पोलीस वायरलेस समन्वय संचालनालयाकडे असतो, ते काम ऐनवेळी होत नाही.

सामायिक चॅनेल सगळ्या वॉकींत शेवटच्या क्रमांकावर भरा, सोळावर. अंधारात, ओल्या हातांनी, बटण अडेपर्यंत फिरवलं की माणूस तिथे पोचतो. सातवा चॅनेल शोधायला उजेड लागतो.

टोन म्हणजे कुलूप नव्हे

एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन तालुके बसवायचे तर दोघांना वेगळे टोन देतात. 67.0 ते 254.1 हर्ट्झमधली ती बारीक गुणगुण. टोन जुळला नाही की स्पीकर बंद राहतो. यामुळे लोकांना वाटतं की आता लाइन आपली एकट्याची. तसं काही नसतं. टोन फक्त कान झाकतो. हवेतली भांडणं तशीच राहतात. शेजारच्या तालुक्याचं बोलणं चालू असताना तुम्ही की, म्हणजे बोलायचं बटण, दाबली की दोघांचेही निरोप फुटतात आणि का फुटले ते दोघांनाही कळत नाही. म्हणून की दाबण्याआधी मॉनिटरचं बटण (ते टोन न बघता सगळं ऐकवतं) दाबून ऐकायची सवय लावा. सामायिक चॅनेलवर टोन नकोच, किंवा सगळ्यांचा एकच ठेवा.

टोनचा खरा उपयोग हिवाळ्यात. पहाटे जमिनीलगत गार हवा आणि वर उबदार थर बसला की व्हीएचएफच्या (30 ते 300 मेगाहर्ट्झच्या) लहरी कुठच्या कुठे जातात. दोन जिल्ह्यांपलीकडचं बोलणं स्पष्ट ऐकू येतं आणि ऊन चढलं की आपोआप जातं. अशा वेळी फ्रिक्वेन्सी बदलून मागू नका.

रिपीटर कट-कट करतो

लांबचा वॉकी रिपीटर उघडतो, आवाज अर्धा सेकंद येतो, तुटतो, पुन्हा येतो. जवळचे वॉकी मात्र झकास. बॅटरी बदलतात, अँटेना बदलतात, शेवटी फ्रिक्वेन्सीला शिव्या. होतं असं की रिपीटर बोलायला लागला की त्याचाच आवाज त्याच्याच कानात शिरतो, कमजोर सिग्नल बुडतो, रिपीटर गप्प होतो, मग सिग्नल पुन्हा ऐकू येतो. ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सींत पुरेसं अंतर नसेल किंवा डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर ऐकणं आणि बोलणं वेगळं ठेवणारी चाळणी) नीट बसवलेला नसेल तर हे घडतं. म्हणून या दोन फ्रिक्वेन्सींची जोडी मागतानाच तुमच्या डुप्लेक्सरला किती अंतर लागतं ते विक्रेत्याकडून लेखी घ्या. जोडी मिळाल्यावर हे सुचणं फार महागात पडतं.

रिपीटर बंद पडला तर काय, हाही प्रश्न अर्ज करतानाचाच. सगळे वॉकी फक्त रिपीटरच्या जोडीवर असतील तर रिपीटर गेला की समोरासमोर उभी माणसंही बोलू शकत नाहीत. चंद्रपूरकडच्या मे महिन्यात रिपीटरच्या बंद कोठडीतल्या बॅटऱ्या कशा शिजतात ते पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. थेट चॅनेलची मंजुरी त्याच अर्जात घ्या.

एकाच खांबावर सगळा संसार

गावात एकच उंच खांब, त्यावर आरोग्य, वन, अग्निशमन, सगळ्यांच्या अँटेना. हिशेबापुरतं धरा: एकाचं 158.000, दुसऱ्याचं 158.500. दोघं एकदम बोलले की गंजलेल्या क्लॅम्पमध्येही मिश्रण होऊन 157.500 आणि 159.000 वर भुतं तयार होतात. पहिल्याची दुप्पट वजा दुसरा, आणि उलट. तिसऱ्याला नेमकं 159.000 मिळालं असेल तर तो आयुष्यभर तक्रार करत राहील. खांबावर आधी कोण बसलं आहे ती यादी अर्जासोबत जोडा, आणि हे गणित आधी कागदावर करून बघा.

उंचीचं गणितही सोपं आहे. तीस मीटरच्या खांबावरून हातातल्या वॉकीपर्यंत मोकळ्या सपाटीवर साधारण 27 किलोमीटर. वऱ्हाडाच्या काळ्या मातीत हे चालतं. मेळघाटात डोंगराची पहिली घडी आली की संपलं. तिथे ताकद वाढवून काही होत नाही, जागा बदलावी लागते. ताकदीवरून आठवलं: बारीक आरजी-58 केबल तीस मीटर टाकली तर 25 वॅटमधले सहाएकच वॅट वर पोचतात, बाकी केबल गरम करतात. जाड केबलचे पैसे वाचवणाऱ्याने परवान्यातली ताकद फुकट घालवली.

आणि चाचणी मे महिन्यात करू नका. तेव्हा साग उघडा असतो, सगळं झकास ऐकू येतं. सागाला सुपाएवढी पानं फुटतात, ती भिजतात, तेव्हा तोच चॅनेल दम टाकतो. यूएचएफ (व्हीएचएफच्या वरच्या फ्रिक्वेन्सी) तर जास्तच. दाट जंगलाच्या तालुक्याने व्हीएचएफच मागावी आणि चाचणी श्रावणात, पाऊस चालू असताना, नदीच्या काठावर उभं राहून करावी. भामरागडसारख्या ठिकाणी मात्र पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता तुटतो, मग चाचणीला जाताही येत नाही; तिथे रस्ता चालू असतानाच उरका.

तक्रार करण्याआधी

आवाज दबका किंवा फाटका येत असेल तर काही संच 12.5 आणि काही 25 किलोहर्ट्झच्या चॅनेल-रुंदीवर भरलेले असतात. सगळे परवान्याप्रमाणे एकसारखे करा. एकच संच गप्प असेल तर दोष त्या संचाचा. सगळे गप्प असतील तर आधी बेसची (मुख्य संचाची) वीज आणि बॅटरी, मग केबलचा कनेक्टर उघडून आत पाणी आहे का ते बघा, मग माकडांनी केबल कुठे ओढली आहे ते. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

तरीही परका आवाज येतच असेल तर वहीत चार दिवस नोंद ठेवा: तारीख, वेळ, कोणत्या जागी, कोणत्या चॅनेलवर, काय भाषा, काय शब्द. मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा आणि परवान्याची प्रत जोडून डब्ल्यूपीसीच्या वायरलेस मॉनिटरिंग संघटनेला पाठवा. "खूप डिस्टर्ब येते" एवढ्या एका ओळीच्या अर्जावर त्यांची तपासणीची गाडी कुठे उभी करायची ते त्यांनाही कळत नाही.