डीटीएचचं बिल आधी उलगडा, मग ओटीटी घ्या

डीटीएचचा महिन्याचा रिचार्ज, त्यावर दोन-तीन ओटीटी आणि शिवाय ब्रॉडबँड असं सगळं चालू असलेल्या घरात एकाच मालिकेचे पैसे दोनदा भरले जातात. ‘स्टार प्रवाह’च्या मालिका जिओहॉटस्टारवर, ‘झी मराठी’च्या झी५वर आणि ‘सोनी मराठी’च्या सोनीलिव्हवर असतातच. तरी डीटीएचची छत्री, म्हणजे डिश, काढून टाकायची घाई करू नका. आधी डीटीएचमधली चरबी काढा. बऱ्याच घरांत ओटीटीचा वर्षाचा खर्च तिथूनच निघतो.

कंपनीच्या अ‍ॅपमध्ये ‘माझा पॅक’ किंवा तशा नावाच्या पानावर जा आणि रक्कम फोडून वहीत लिहा. बिलाचे तीन भाग असतात. पहिला भाग नेटवर्क कपॅसिटी फी, म्हणजे एनसीएफ. हे नुसतं कनेक्शन चालू ठेवण्याचं भाडं, त्यात मोफत चॅनल येतात. दुसरा भाग पैसे देऊन घेतलेले चॅनल आणि त्यांचे पॅक. या दोन्हींवर 18 टक्के जीएसटी हा तिसरा भाग. 2019 मध्ये ‘ट्राय’ची, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, नवी दरपद्धत आली तेव्हा एनसीएफची कमाल मर्यादा 130 रुपये होती, करासह 153 रुपये 40 पैसे. जुलै 2024 मध्ये ट्रायने ही मर्यादा काढली. आता एनसीएफ किती घ्यायची ते कंपनी ठरवते, म्हणून आपल्या कंपनीचा आकडा अ‍ॅपमध्येच बघा. शेजारच्याचा आकडा आपल्याला लागू होईलच असं नाही.

आता एक आठवडा टीव्हीजवळ कागद ठेवा. जो चॅनल निदान पंधरा मिनिटं लागला, त्याचं नाव त्यावर लिहायचं. घरातल्या सगळ्यांनी लिहायचं, आजी-आजोबांनीसुद्धा, कारण संध्याकाळी सात ते दहा रिमोट त्यांच्याच हातात असतो. आठवड्याअखेर दीडशे चॅनलच्या पॅकमधून आठ-दहा नावं कागदावर येतात. बाकीच्यांचे पैसे उगाच जातात.

प्रत्येक चॅनल सुटा मिळतो. तो मागणं हा तुमचा हक्क आहे, कस्टमर केअरवाला पॅकच पुढे करत राहिला तरी. मात्र सगळंच सुटं घ्यायला गेलात तर फसाल. चॅनलमालक कंपनी आपल्या पॅकवर सुट्या किमतींच्या बेरजेपेक्षा 45 टक्क्यांपर्यंत सूट देऊ शकते. म्हणजे 19 रुपयांचे तीन सुटे चॅनल 57 रुपयांना पडतात, आणि त्याच कंपनीचा आठ चॅनलचा पॅक 50 ला असू शकतो. म्हणून एकाच मालकाचे तीन किंवा जास्त चॅनल हवे असतील तर त्याचा पॅक आणि सुटी बेरीज शेजारी मांडून बघा. एक-दोनच हवे असतील तर सुटे घ्या. 19 रुपयांपेक्षा महाग चॅनल पॅकमध्ये घालता येत नाही, तो सुटाच विकला जातो. तोही यादीत आहे का ते बघा.

सगळ्यात जास्त सापडणारी चूक म्हणजे एकाच चॅनलचे एसडी आणि एचडी दोन्ही चालू असणं. दोघांचे पैसे वेगळे लागतात आणि बघितला जातो एकच. जुन्या 32 इंची टीव्हीवर बातम्या आणि मालिका एसडीत बघवतात, एचडी खेळापुरतं ठेवा.

आता हिशेब करून बघू. आकडे समजण्यापुरते धरले आहेत. एनसीएफ 130, हिंदी-मराठी मोठा पॅक 180, स्पोर्ट्स एचडी पॅक 60, इंग्रजी पॅक 35. एकूण 405, जीएसटी 72.90, म्हणजे महिना 477 रुपये 90 पैसे. कागदावरच्या यादीप्रमाणे मराठी पॅक 50 आणि एक सुटा स्पोर्ट्स चॅनल 19 ठेवला तर बेरीज 199, करासह 234 रुपये 82 पैसे. वर्षाला जवळपास 2,900 रुपये वाचले. स्पोर्ट्स चॅनल आयपीएलपुरता लावून नंतर काढला तर आणखी.

बदल करताना क्रम पाळा. आधी नवे चॅनल जोडा, मगच जुना पॅक काढा, नाहीतर ऐन मालिकेच्या वेळी पडद्यावर ‘चॅनल सबस्क्राइब केलेला नाही’ अशी पाटी येते. बदलाचा संदेश उपग्रहावरून सेट-टॉप बॉक्सला मिळतो, त्यामुळे बॉक्स मेन स्विचवरून बंद असेल तर तो पोचतच नाही. बॉक्स चालू ठेवून जोडलेला चॅनल लावा आणि अ‍ॅपमधून रिफ्रेश पाठवा. पंधरा-वीस मिनिटांत चॅनल दिसला नाही तर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. दाद लागली नाही तर कंपनीच्या नोडल ऑफिसरकडे, म्हणजे वरच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे पत्र लिहून वेळ जातो. घरात दुसरा टीव्ही असेल तर त्याची यादी आणि एनसीएफ वेगळी तपासा. बेडरूममधल्या टीव्हीवर पहिल्याचीच सगळी यादी चढवलेली असू शकते.

वर्षभराच्या रिचार्जवर सूट मिळते. पण ओटीटीवर जायचा विचार मनात असेल तर तो घेऊ नका, महिन्याचाच करा.

ओटीटीवर पूर्ण जाण्याआधी डेटा मोजा. एचडीत तासाला साधारण 3 जीबी जातात. रोज चार तास टीव्ही चालला तर महिन्याला 360 जीबी. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे जमत नाही, घरात ब्रॉडबँड लागतं. गावात लाइन सारखी तुटत असेल तर डीटीएच सोडू नका. पावसाच्या मोठ्या सरीत छत्रीचाही सिग्नल जातो, पण सर ओसरली की लगेच परत येतो.

महिन्याला काहीच भरायचं नसेल तर डीडी फ्री डिश ही प्रसार भारतीची मोफत डीटीएच सेवा आहे. छत्री, एलएनबी (छत्रीपुढचा सिग्नल पकडणारा भाग), बॉक्स आणि केबलचा खर्च एकदाच, नंतर रिचार्ज नाही. ‘सह्याद्री’ त्यावर आहे. खासगी चॅनल मात्र ई-लिलावातून येतात, म्हणून आज दिसणारा पुढच्या वर्षी असेलच असं धरू नका. नुसतं दूरदर्शन बघायचं असेल आणि इंटरनेट चांगलं असेल तर प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ अ‍ॅप पुरतं. ते नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या वेळी सुरू झालं.

जुनी छत्री फ्री डिशला वापरता येते, फक्त दिशा बदलावी लागते. फ्री डिशचा उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे, टाटा प्लेचा 83 अंशांवर. पुण्यात टाटा प्लेची छत्री साधारण वीस अंश पूर्वेकडे वळवून किंचित खाली झुकवली की तोंड आग्नेयेला येतं. नट अर्धवट सैल करा, एकाने छत्री केसभर हलवायची आणि दुसऱ्याने टीव्हीवरचा सिग्नल क्वालिटीचा पट्टा बघून ओरडून सांगायचं. ‘स्ट्रेंग्थ’चा पट्टा बघू नका, तो चुकीच्या उपग्रहावरही भरलेला दिसतो. आग्नेयेला नारळ किंवा आंबा असेल तर नट आवळण्याआधी जागाच बदला, कारण उन्हाळ्यात फांदीमधून मिळणारा सिग्नल पावसाळ्यात पालवी दाटली की जातो.