एचआयव्ही ड्रग रेझिस्टन्सच्या लॅबमध्ये नवीन असाल तर

एमएस्सी मायक्रो करून पुण्यात प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागलो तेव्हा रेझिस्टन्स म्हणजे औषध चालतं नाहीतर चालत नाही, विषय संपला, एवढंच डोक्यात होतं.

आमच्याकडे सारखं दिसायचं ते म्युटेशन म्हणजे एम184व्ही. नाव बघून घाबरू नका, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (व्हायरस आपल्या आरएनएचा डीएनए ज्याने बनवतो ते) एन्झाइममध्ये 184 नंबरला मेथिओनिन असतं तिथं व्हॅलिन आलं, बस्स. कोडॉन एटीजीचा जीटीजी, एका अक्षराचा फरक. पण व्हॅलिनचा फाटा नेमका लॅमिव्हुडिन या एचआयव्हीच्या औषधाच्या रिंगला आडवा येतो आणि मग टेस्टमध्ये तोच व्हायरस दाबायला शंभरपटीहून जास्त औषध लागतं. गंमत म्हणजे हा व्हायरस स्वतः पण लंगडा होतो आणि झिडोव्हुडिन, टेनोफोव्हिर या दुसऱ्या औषधांच्या तावडीत उलट जास्त सापडतो! म्हणून रिपोर्टवर रेझिस्टंट असूनही डॉक्टर कधीकधी लॅमिव्हुडिन चालूच ठेवतात, मला आधी वाटायचं प्रिस्क्रिप्शनमध्ये चुकून राहिलंय.

आता माझी चूक सांगतो. सिक्वेन्सच्या (व्हायरसच्या जीनची अक्षरं वाचलेल्या) ग्राफमध्ये त्या कोडॉनच्या पहिल्या अक्षरावर हिरवं पीक होतं (म्हणजे ग्राफचं टोक, शेतातलं नाही हो) आणि त्याच्या पोटात छोटं काळं. हिरवं म्हणजे ए, काळं म्हणजे जी. मी काळ्याला नॉइज समजून ए टाकला आणि म्युटेशन नाही म्हणून मोकळा झालो. मॅडमनी उलट्या दिशेचा रीड, म्हणजे तोच तुकडा दुसऱ्या टोकाकडून वाचलेला, उघडला तर तिथंही त्याच जागी दोन पीक, म्हणजे दोन्ही व्हायरस एकत्र, तिथं आर (ए आणि जी दोन्ही असल्याची खूण) लिहायला हवं होतं. रिपोर्ट गेला नव्हता म्हणून वाचलो. तेव्हा सॉफ्टवेअरने दिलेली अक्षरं सरळ स्टॅनफर्डच्या डेटाबेसमध्ये (तो म्युटेशनवरून कुठलं औषध चालेल ते सांगतो) पेस्ट करू नका, आधी स्वतःच्या डोळ्यांनी ग्राफ बघा, दोन्ही बाजूंनी.

आणि सँगरला, म्हणजे आपल्या या सिक्वेन्सिंगच्या पद्धतीला, व्हायरसच्या मिश्रणातलं साधारण 20 टक्क्यांच्या खालचं काही धड दिसत नाही. पेशंटने गोळ्या सोडल्या की काही आठवड्यांत जुना, धडधाकट व्हायरस वर येतो, एम184व्ही दिसेनासा होतो पण पेशींमध्ये दडून राहतो, गोळ्या सुरू केल्या की परत हजर. म्हणजे तुमचा रिपोर्ट स्वच्छ, आणि तरी खोटा. म्हणून सॅम्पल शक्यतो गोळ्या चालू असतानाचं पाहिजे.

फॉर्मवर 'सध्याची औषधं' हा रकाना निम्म्या वेळा कोराच येतो. मी सॅम्पल पाठवणाऱ्या एचआयव्ही उपचार सेंटरला इतके फोन केलेत की तिथल्या काउन्सेलर ताई आवाज ऐकूनच म्हणायच्या, थांबा, रजिस्टर आणते.