लग्नाच्या दोन दिवस आधी उठलेला पिंपल

मामेबहिणीचं लग्न शनिवारी, गंगापूर रोडला. गुरुवारी सकाळी पाहते तर हनुवटीवर लालभडक, ठणकणारा पिंपल! आई म्हणाली, "टूथपेस्ट लाव." नाही लावली. मागे त्यानेच कातडी भाजली होती आणि काळा डाग महिनाभर राहिला होता.

आधी रुमालात बर्फ गुंडाळून दोन मिनिटं धरला, ठणका उतरला. मग कॉलेज रोडच्या मेडिकलमधून २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल आणलं. त्याने पिंपलमधले जिवाणू मरतात. जास्त टक्क्यांचं घेतलं तर त्वचाच जास्त सोलवटते, म्हणून कमीचंच बरं. तोंड धुऊन, कोरडं करून मुगाच्या दाण्याएवढं, फक्त त्याच जागी लावलं. वर साधं मॉइश्चरायझर. (उशीला पांढरा अभ्रा घाला, रंगीत कापडाचा रंग या जेलने उडतो.) घरात सॅलिसिलिक अ‍ॅसिडही (पिंपलवरचंच दुसरं औषध) होतं, पण एकाच जागी दोन्ही लावायचा मोह टाळला.

शुक्रवारी रात्री पांढरं तोंड आलं. फोडलं नाही. जेल न लावता हायड्रोकोलॉइड पॅच (पिंपलमधला द्रव शोषून घेणारी छोटी चिकटपट्टी) चिकटवून झोपले. सकाळी पॅचवर पांढरा ठिपका, हनुवटी जवळपास सपाट. उरलेली लाली कन्सीलरखाली गेली.