एकच कथा पुन्हा पुन्हा: कथा लिहू पाहणाऱ्यांसाठी

कथा लिहायला शिकायची असेल तर आधी एकच कथा निवडा आणि काही आठवडे तिला सोडू नका. मे महिन्याच्या सुट्टीत दहा-दहा संग्रह फस्त करणारे वाचक माझ्या ओळखीचे आहेत. कथानकं त्यांना तोंडपाठ असतात. पण गोष्ट नेमकी कुठून सुरू झाली, कोणाच्या नजरेतून सांगितली, आणि लेखकाने काय सांगायचं टाळलं, असं विचारलं की गप्प बसतात. लिहिणाऱ्याला तर तेवढंच हवं असतं.

मी करतो ते असं. पहिलं वाचन मजेसाठी, तेव्हा हातात काही घ्यायचं नाही. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसायचं आणि कथेतला काळ जिथे पुढे उडी मारतो तिथे समासात रेघ ओढायची. मग दिसतं की तीन वर्षं एका वाक्यात उरकली आहेत आणि स्वयंपाकघरातल्या पाच मिनिटांना दोन पानं दिली आहेत. लेखकाने जिथे पानं खर्च केली, तिथेच बहुधा कथेचा जीव असतो. यानंतर पुस्तक मिटायचं, ती कथा आठवणीतून लिहून काढायची आणि मुळाशी ताडून पाहायची. आपण जास्तीची घातलेली वाक्यं बहुतेक समजावून सांगणारी निघतात. (ग्रंथालयाच्या पुस्तकात रेघा मारू नका, झेरॉक्स काढा.)

आपल्या गोव्यात पुस्तकांसाठी लांब जायला नको. पणजीला पाटोवरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय 1832 सालचं आहे. तिथल्या मराठी कपाटांपुढे एक दुपार काढली तर वर्षभराची यादी तयार होते. सुरुवात घरच्या माणसांपासून करा. महादेवशास्त्री जोशी सत्तरी तालुक्यातल्या आंबेड्याचे, लक्ष्मणराव सरदेसाई सावईवेऱ्याचे. आपल्याच वाड्यातली माणसं, देवळं, कुळागरं (माड-पोफळींच्या बागा) कागदावर येताना काय होतात, ते यांच्याकडे बघायला मिळतं. त्यानंतर व्यंकटेश माडगूळकरांचं 1949 सालचं ‘माणदेशी माणसं’. छोटी वाक्यं, विशेषणं मोजकी. मग गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले. गोखले तर जवळजवळ सारं आयुष्य कथेलाच वाहिलेले. बाबुराव बागूल अवश्य वाचा, नाहीतर कथा म्हणजे पांढरपेशांच्या घरातली कुरबुर असा समज व्हायचा. जी. ए. कुलकर्णी जरा उशिरा वाचा, आणि वाचल्यावर काही दिवस लिहू नका. त्यांची पकड अशी आहे की नवशिक्याच्या पहिल्या परिच्छेदातच वैराण माळ आणि नियती येऊन बसतात.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, आणि तिला मी अर्धं वरदानही म्हणेन. जत्रेला, काल्याला मराठी नाटक झालं नाही असं गाव गोव्यात विरळा. लहानपणापासून तालमी ऐकलेल्या असतात, घरातला कोणीतरी रंग लावून उभा राहिलेला असतो. त्यामुळे संवादाचा कान आपल्याला आयता मिळतो. पण तो कान रंगमंचाचा. कथेत दोन माणसं ओट्यावर बसली की ती शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जावं अशा बेताने बोलायला लागतात, मनातलं सगळं पूर्ण वाक्यात सांगतात. नव्या मुलांच्या कथा माझ्याकडे येतात त्यांतल्या बऱ्याच या कारणाने पडतात. संवाद लिहून झाला की प्रत्येकाचं शेवटचं वाक्य खोडून बघा. बहुतेक वेळा काही बिघडत नाही.

एक सराव मी सगळ्यांना देतो. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मूळ घरी जमलेले दोन भाऊ, जमिनीवरून बोलणं तुटलेलं. हे एका पानात लिहा. मात्र भांडण, जमीन, अबोला यांपैकी एकही शब्द वापरायचा नाही. एकीने पहिल्या खेपेला लिहिलं, ‘दोघांच्या मनात वर्षानुवर्षांची कटुता साचली होती, तरी बाप्पासाठी ते एकत्र आले होते.’ वाक्य चुकीचं नाही, पण त्यात बघण्यासारखं काही नाही. मी तिला विचारलं, तुमच्या घरी माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची चौकट) कोण बांधतं? आठवड्याने ती नवं पान घेऊन आली. थोरला शिडीवर चढून माटोळी बांधतोय. खाली धाकटा सामान काढून ठेवतोय: सुपारीचा घड, नारळाची पेण, तोरिंगण, आंबाडे. मधे थोरल्याचा मुलगा. धाकटा आंबाड्यांची डहाळी मुलाच्या हातात देतो, मुलगा ती वर देतो. एकदा मुलगा पाणी प्यायला आत जातो. थोरल्याचा हात खाली आलेला, तसाच थांबलेला. धाकट्याच्या हातात चिबूड. दोघंही मुलाची वाट बघतात. इतकंच पान. कोर्टातल्या केसचा उल्लेखही नाही आणि तरी सगळं कळतं.

असं काही सुचायला बघायची सवय लागते. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, कदंबच्या बसमधली मागची सीट यांच्याइतक्या चांगल्या जागा नाहीत. वही उघडून बसू नका, माणसं बोलायची थांबतात. घरी येऊन ऐकलेलं एकच वाक्य लिहा आणि ते बोलणाऱ्याने हातांनी काय चालवलं होतं तेही लिहा.

आता कोंकणीचा प्रश्न. घरात बोलतो कोंकणी, लिहितो मराठी. मग कथेतल्या आईने बोलायचं कसं? निवेदन मराठीत आणि संवाद अख्खे कोंकणीत ठेवले तर पुण्या-नागपूरचा वाचक अडखळतो. सगळं प्रमाण मराठीत उतरवलं तर डिचोलीची आई सदाशिव पेठेतली होते. मी मधली वाट घेतो. पहिल्या भेटीत पात्राला एक-दोन वाक्यं तिची तिच्या बोलीत देतो, ‘येतलो मरे तो’ अशी, संदर्भाने कळतील इतकीच. पुढे मराठी, पण हाका, नाती आणि वाक्याची चाल घरचीच. हे सगळ्यांना पटत नाही. पटणारही नाही.

लिहून झालेली कथा निदान पंधरा दिवस बाजूला ठेवा, मग मोठ्याने वाचा. जीभ जिथे अडते तिथे वाक्य मोडा. वाचून दाखवायला तीन-चार माणसं पुरतात, पण त्यांत एक तरी अशी हवी जी ‘छान आहे’ म्हणून मोकळी होत नाही.

छापण्याचं म्हणाल तर कथेचं माहेर अजून दिवाळी अंकच. ‘मनोरंजन’ने 1909 साली सुरू केलेली ही प्रथा टिकून आहे. पण अंक पावसाळ्यातच भरत येतात. चवथ झाल्यावर कथा पाठवली तर ती पुढच्या वर्षाचीच समजा. कथा युनिकोडमध्ये टाइप करा, शब्दमर्यादा विचारून घ्या, आणि एकच कथा एका वेळी दोन संपादकांना पाठवू नका. नकार येईलच असं नाही, पुष्कळदा काहीच येत नाही. दिवाळीपर्यंत वाट बघायची, अंक चाळायचा, नाव नसेल तर कथा परत काढून पहिलं पान वाचायचं.