चिलखत घातलेल्या शत्रूसमोर: बोनसचा आकडा वाचायला मी कशी शिकले

स्ट्रॅटेजी गेम नव्याने खेळू लागलेली मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात: आर्मरवाल्या शत्रूवर कोणतं हत्यार भारी? सुरुवातीला मीही हेच विचारायचे. माहितीच्या चौकटीत अधिकच्या चिन्हापुढे ज्याचा बोनस, म्हणजे ठरावीक प्रकारच्या शत्रूवर बसणारा जादा मार, मोठा, ते हत्यार उचलायचे आणि लढाया हरायचे. आता माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: शत्रू किती घावांत पडणार?

डोळे उघडले ते एज ऑफ एम्पायर्स २ खेळताना. त्यातला स्पिअरमन म्हणजे साधा भालेवाला, हल्ला फक्त ३. समोर नाइट, म्हणजे घोडेस्वार: हेल्थ (पडेपर्यंत सोसता येणारा मार) १००, जवळून होणाऱ्या वारांविरुद्ध आर्मर, म्हणजे प्रत्येक वारातून वजा होणारा आकडा, २. तीनातून दोन गेले, उरला एक. म्हणजे नाइट पाडायला शंभर घाव! पण भालेवाल्याला घोडेस्वारांविरुद्ध १५ चा बोनस आहे. एक अधिक पंधरा, सोळा. नाइट सातव्या घावाला पडतो.

इथवर कुणालाही कळतं. मी फसले ते पुढे. एका सामन्यात माझे नाइट भाल्यांपुढे पटापट पडत होते, म्हणून असेल-नसेल ते अन्न आणि सोनं मी त्यांचा आर्मर वाढवण्यात घातलं. तरी ते तितक्याच वेगाने पडत राहिले. नंतर कागदावर हिशेब मांडला तेव्हा उलगडा झाला. या गेममध्ये मूळ हल्ला आणि बोनस यांची खाती वेगळी आहेत. आर्मर मूळ ३ मधून वजा होतो, बोनसच्या १५ ला हातही लावत नाही. माझा आर्मर ३ झाला तेव्हा मूळ हल्ला शून्यावर आला, पण १५ तसेच उरले. १०० भागिले १५, म्हणजे पुन्हा सातच घाव. आर्मर ५ केला असता तरी सातच. उलट भालेवाल्याने हल्ल्यात एकची सुधारणा केली की १७ होतात आणि साध्या नाइटला सहा घाव पुरतात.

बोनस अडवायचा तर त्याच खात्यातला आर्मर हवा. तो कॅटाफ्रॅक्ट या खास घोडेस्वाराकडे असतो. घोडेस्वार म्हणून त्याला बसणाऱ्या बोनसमधून १२ वजा होतात. त्याची हेल्थ ११०, नेहमीचा आर्मर २. भालेवाल्याचा वार मग एक अधिक तीन, म्हणजे चारचाच बसतो. अठ्ठावीस घाव! दोन्ही घोड्यावरचेच, पण एकाला सात घाव लागतात आणि दुसऱ्याला अठ्ठावीस. हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा मी तो दोनदा तपासून पाहिला होता.

हेच गणित घेऊन मी स्टारक्राफ्ट २ मध्ये गेले आणि पुन्हा अडखळले, कारण तिथे खाती वेगळी नाहीत. बोनस आधी मूळ डॅमेजमध्ये (एका वाराच्या मारात) मिसळतो, मग एकूण आकड्यातून आर्मर वजा होतो. मरॉडर या सैनिकाचं डॅमेज १०, 'आर्मर्ड' प्रकारच्या शत्रूवर आणखी १०. मरीन या स्वस्त सैनिकाचं ६, बोनस नाही. समोर रोच हा 'आर्मर्ड' शत्रू: हेल्थ १४५, आर्मर १. मरॉडरच्या एका गोळ्याचे १९ बसतात आणि आठ गोळ्यांत काम होतं. मरीनचे ५ बसतात, त्याला एकोणतीस गोळ्या लागतात.

एवढ्यावर मरॉडरची बाजू घेऊ नका. मरॉडर साधारण १.०७ सेकंदांनी एक गोळा टाकतो, मरीन ०.६१ सेकंदांनी गोळी झाडतो. सैनिक घ्यायला या गेममध्ये मिनरल्स आणि गॅस खर्च होतात; एका मरॉडरला १०० मिनरल्स आणि २५ गॅस पडतो. तेवढ्या मिनरल्समध्ये दोन मरीन येतात आणि गॅस वाचतो. पहिला वार शून्य सेकंदाला धरला, तर मरॉडर रोचला साडेसात सेकंदांत पाडतो आणि दोन मरीन मिळून साडेआठ सेकंदांत. म्हणजे जवळपास बरोबरी! बोनसचं एवढं कौतुक, आणि फरक जेमतेम एका सेकंदाचा.

आता शत्रूने तिन्ही सुधारणा करून रोचचा आर्मर ४ वर नेला आणि आपण आपल्या बाजूने काहीच केलं नाही असं धरा. मरॉडरचे १६ बसतात, दहा गोळे, साडेनऊ सेकंदांच्या थोडं वर. मरीनचे फक्त २ बसतात. दोघांनी मिळून सदतीस फैरी झाडायच्या, बावीस सेकंद. छोट्या-छोट्या वारांचं हत्यार वजाबाकीच्या आर्मरपुढे असं गळपटतं, कारण प्रत्येक गोळीमागे तेवढेच चार कापले जातात. म्हणूनच सामन्याच्या सुरुवातीला बरोबर ठरलेली निवड शेवटी चुकीची ठरते. मला वाटतं, नवख्यांचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं: एकदा केलेली तुलना ते पुन्हा करत नाहीत.

नेमबाजीच्या गेममध्ये बहुधा वजाबाकीऐवजी टक्केवारी असते. काउंटर-स्ट्राइकमध्ये एके-४७ चं डॅमेज ३६ आणि चिलखतातून त्यातलं ७७.५ टक्के पार होतं. डोक्याला चौपट. जवळून हेल्मेटवर १११ बसतात, शंभर हेल्थचा खेळाडू एका गोळीत संपतो. एम४ए४ या दुसऱ्या रायफलचं डॅमेज ३३, पार होतं ७० टक्के. हिशेब येतो ९२, आणि शत्रू आठ हेल्थवर उभा राहतो. कागदावर तीनचा फरक, प्रत्यक्षात एका गोळीचा.

पॅचगणिक, म्हणजे गेमच्या प्रत्येक दुरुस्तीगणिक, आकडे बदलत राहतात, त्यामुळे पाठ करू नका, पद्धत हाताशी ठेवा. बोनस कुठे मिसळतो हे गेम सांगत नसेल, तर सरावाच्या नकाशात जाऊन स्वतः बघता येतं. बोनस लागू होईल असा एकच शत्रू घ्या, एकच हत्यार घ्या, एक वार करून किती हेल्थ गेली ते लिहून ठेवा. मग शत्रूचा आर्मर एकेक पायरी वाढवत तोच वार परत करा. आकडा घटत-घटत बोनसच्याही खाली गेला, तर मूळ हल्ला आणि बोनस एकाच खात्यात आहेत. घटता-घटता बोनसच्या आकड्यापाशी येऊन थांबला, तर खाती वेगळी आहेत, आणि आर्मरच्या पुढच्या पायरीवर खर्च करायचं कारण उरत नाही.