विलीन होणाऱ्या दीर्घिका आणि अवरक्त वर्णपट : या विषयात येऊ पाहणाऱ्यांसाठी

दीर्घिकांच्या विलीनीकरणावर काम करायचे आहे असे म्हणत येणारे बरेच विद्यार्थी जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीची छायाचित्रे पाहून आलेले असतात. त्यात गैर काही नाही. परंतु प्रत्यक्ष कामात दिवसाचा मोठा भाग वर्णपटातील रेषा मोजण्यात जातो, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

अवरक्तच का, हे हस्त नक्षत्रातील एनजीसी ४०३८ आणि ४०३९ या जोडीवरून चटकन लक्षात येते. या दोन दीर्घिका एकमेकींना भिडलेल्या आहेत. युरोपच्या आयएसओ या अवकाश वेधशाळेने १९९० च्या दशकात त्यांचे अवरक्त निरीक्षण केले, तेव्हा सर्वांत तेजस्वी जागा दोघींपैकी एकीच्याही केंद्रात नसून मधल्या भागात सापडली, आणि दृश्य प्रकाशात तर ती जागा जवळपास नजरेत भरत नाही. तिथे दाटलेल्या वायूत तारे झपाट्याने जन्मत आहेत. त्यांचा अतिनील प्रकाश धूळ शोषून घेते, तापते आणि ती ऊर्जा अवरक्तात बाहेर टाकते. १९८३ च्या आयरास उपग्रहाने सूर्याच्या एक लाख कोटी पटींहून अधिक अवरक्त तेज देणाऱ्या दीर्घिका उजेडात आणल्या, आणि त्यांतील बहुतेक विलीनीकरणाच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर असल्याचे पुढे दिसून आले.

मग खरा प्रश्न उभा राहतो: धुळीला तापवणारे कोण, नवे तारे की केंद्रातील कृष्णविवर? १४.३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मीटरचा दहा लाखावा भाग) तरंगलांबीवरील निऑनची रेषा येथे फार उपयोगी पडते, कारण त्यासाठी निऑनचे चार इलेक्ट्रॉन निघावे लागतात आणि तेवढी ऊर्जा, म्हणजे सुमारे ९७ इलेक्ट्रॉन व्होल्ट, सामान्य तप्त ताऱ्यांकडून क्वचितच मिळते. मात्र ती रेषा दिसली नाही म्हणून कृष्णविवर नाही, असे लिहून मोकळे होऊ नये. सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या आर्प २२० या विलीन होणाऱ्या जोडीच्या दोन्ही गाभ्यांभोवती धूळ इतकी दाट आहे की तिथे अवरक्त किरणांचाही मार्ग अडतो.

सर्वांत चिकट काम ८ ते १२ मायक्रॉनच्या पट्ट्यात असते. ७.७ आणि ११.३ मायक्रॉनवर कार्बनी रेणूंचे उंचवटे येतात आणि त्यांच्या मधोमध, ९.७ वर, सिलिकेट धुळीच्या शोषणाची खळगी पडते. पायाभूत रेषा (उंचवटे-खळग्या नसत्या तर वर्णपट जिथे असता ती पातळी) कुठून ओढायची, यावर उंचवट्याची उंची आणि खळगीची खोली दोन्ही बदलतात. त्यामुळे दोन-तीन प्रकारे मोजून त्यांतील फरक अनिश्चितता म्हणून नोंदवावा, असे माझे मत आहे. ताम्रसृतीकडे, म्हणजे दीर्घिका दूर जात असल्याने तिच्या रेषा लांब तरंगलांबीकडे सरकण्याकडेही, असेच लक्ष द्यावे लागते. आर्प २२० साठी ती ०.०१८ आहे, म्हणजे हायड्रोजनची १.८७५ मायक्रॉनची रेषा १.९१ च्या आसपास सरकते आणि १.८७ साठी बनवलेल्या अरुंद फिल्टरच्या बाहेर पडते. फिल्टर निवडण्यापूर्वीचा हा गुणाकार (१.८७५ × १.०१८) नवख्यांकडून हमखास राहून जातो.

सुरुवात करायला स्वतःची निरीक्षणे लागत नाहीत. वेबच्या पहिल्या खुल्या कार्यक्रमांपैकी एकात एनजीसी ३२५६, एनजीसी ७४६९, व्हीव्ही ११४ आणि टू झ्विकी ९६ या दीर्घिकांची निरीक्षणे झाली असून ती मास्ट या संग्रहातून कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. सोबत पायथनमधील ॲस्ट्रोपाय हा खगोलशास्त्रीय संच आणि प्रतिमा पाहण्याचे डीएस९ हे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. चौघींपैकी एकच घेऊन तिच्यावर दोन-तीन महिने घालवावेत. चारही एकदम उघडणाऱ्याचे एकही तडीस जात नाही.

भारतात पीएचडीसाठी पुण्यातील आयुका व एनसीआरए आणि मुंबईची टीआयएफआर या संशोधन संस्था साहजिकच डोळ्यांसमोर येतात. जेस्ट, नेट यांसारख्या परीक्षांची तयारी करताना विद्युतचुंबकत्व आणि सांख्यिकीय भौतिकी पक्की करावी, कारण प्रारणाचे सगळे गणित तिथूनच निघते. नैनितालजवळच्या देवस्थळ येथील ३.६ मीटर दुर्बिणीवर निकट-अवरक्त वर्णपटमापक आहे. संधी मिळाल्यास तिथे एक रात्र तरी काम करावे, म्हणजे वातावरणातील बाष्प आणि आकाशाची स्वतःची चमक यांच्याशी किती झगडावे लागते ते कळते. वेब दुर्बिणीवरील निरीक्षणाच्या वेळेसाठी मात्र जगातील कोणीही अर्ज करू शकतो आणि परीक्षकांना अर्जदारांची नावे दिसत नाहीत, म्हणून नाव झालेले नाही या कारणाने तो अर्ज पुढे ढकलू नये.