वृद्धाश्रमात केअरटेकर म्हणून रुजू होताना

जीडीए (रुग्णसेवा सहायक) किंवा एएनएम (सहायक परिचारिका) हा कोर्स झाला की पुण्या-मुंबईत काम मिळायला फार वेळ लागत नाही. हॉस्पिटलमध्ये जागा नसली तर वृद्धाश्रम, नाहीतर ब्युरोतर्फे, म्हणजे घरोघरी माणसं पुरवणाऱ्या संस्थेतर्फे, कुणाच्या घरी पेशंट. बऱ्याच मुली वृद्धाश्रमाची नोकरी 'तोवर बघू' म्हणून धरतात. मी जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स करून हॉस्पिटलच्या वॉर्डातून इकडे आले आणि इथेच रमले. वॉर्डातला पेशंट बरा होऊन घरी जातो. इथला माणूस राहायलाच आलेला असतो. ती खोली, ती कॉट हेच त्याचं घर आणि आपण त्याच्या घरात कामाला आहोत. पहिल्या दिवसापासून हे डोक्यात पक्कं ठेवा.

म्हणजे करायचं काय? दार उघडं असलं तरी टकटक करा. पडदा ओढून घ्या. 'आजी, आता कूस बदलते हं, हात माझ्या खांद्यावर ठेवा,' असं सांगून मगच हात लावा. ज्यांना बोलता येत नाही, डोळेही उघडत नाहीत, त्यांनाही सांगा. दोघी मावश्या डायपर बदलताना भिशीच्या गप्पा मारताहेत आणि मधे आजोबा उघडे पडलेत, हे मी कितीदा तरी पाहिलंय. ते भिंतीकडे तोंड करून डोळे घट्ट मिटून घेतात. चादर कमरेवर ओढायला कितीसा वेळ लागतो?

केसांबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय. काही ठिकाणी आजी दाखल झाल्या की आठवड्याभरात त्यांचे केस बारीक कापतात. उवा होतात, विंचरायला वेळ नाही, न्हाणं सोपं पडतं, अशी कारणं असतात. मी काम केलेल्या एका ठिकाणी एका आजींचा छोटासा पांढरा अंबाडा असाच गेला. त्यांना विस्मरणाचा आजार होता, केस कापल्याचं त्यांच्या लक्षात राहत नसे. रोज सकाळी त्यांचा हात मानेवर जायचा, आकडा खोचायला. तिथे काहीच लागलं नाही की त्या रडायच्या, आणि रोज पहिल्यांदाच कळल्यासारख्या रडायच्या. उवांवर औषध मिळतं, बारीक दातांची फणी मिळते. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराच्या रुग्णाचे केस सक्तीने काढायला मनाई केली आहे. माणसं कमी आहेत एवढ्याच कारणासाठी रुग्णाला बांधून ठेवता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. आपला आश्रम त्या कायद्यात बसतो की नाही, हा वाद वकिलांवर सोडा. जे तिथे चालत नाही ते आपल्या आजींच्या बाबतीत चालवून घ्यायचं नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमारास एखादे आजोबा 'मला घरी जायचंय, गाडी चुकेल' म्हणून दाराकडे निघतात. डिमेन्शियात, म्हणजे विस्मरणाच्या आजारात, दिवस कलताना अशी अस्वस्थता वाढते. ओढणीने खुर्चीला बांधू नका. लघवीला लागली आहे का, कुठे दुखतंय का, भूक लागली आहे का, ते आधी बघा आणि त्यांच्याबरोबर व्हरांड्यात दोन फेऱ्या मारा. एरवी शांत असणारा माणूस एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागला, तर 'वयच झालं' म्हणून सोडून देऊ नका. लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, नवं औषध, यातलं काहीही असू शकतं. लगेच सिस्टरला सांगा.

पडून असलेल्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची आणि तेव्हाच माकडहाड, खुबे, टाचा बघायच्या. लाल डाग बोटाने दाबून बघा. दाबूनही तो फिकट होत नसेल तर ती बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजा. तो भाग चोळू नका, त्यावर भार येऊ देऊ नका. एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची टाळू नका. चार्टवर न केलेली पोझिशन लिहू नका, कारण पुढच्या शिफ्टची बाई त्यावरच विसंबून असते. भरवताना माणसाला ताठ बसवा, स्वतःही समोर बसा, घास गिळल्याशिवाय दुसरा देऊ नका. जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं करू नका. ठसका लागणाऱ्याला घाईने भरवलं तर अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो.

हाक कशी मारू, हेही विचारून घ्या. शाळेत आयुष्य गेलेल्या एक जण आमच्याकडे होत्या. 'आजी' म्हटलं की उत्तर द्यायच्या नाहीत, 'बाई' म्हटलं की लगेच मान वर. 'सहा नंबर' म्हणून मात्र कुणालाही हाक मारू नका.

कायद्याची थोडी माहिती असू द्या. मुलं बघत नाहीत, पैसे देत नाहीत, असं कुणी सांगितलं तर 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो. 14567 ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे. मारहाण, उपासमार दिसली आणि आत कुणी ऐकत नसेल तर तिथे फोन करा.

पगार फार नसतो आणि कंबर लवकर धरते. एकटीने कुणाला उचलू नका, ड्रॉ शीट (अंगाखाली घालायची आडवी चादर) घालून दोघींनी सरकवा.

नोकरी पक्की करायच्या आधी आश्रम फिरून बघा. रात्री किती जणांमागे एक माणूस असतो, ते स्पष्ट विचारा. आंघोळी किती वाजता सुरू होतात, तेही विचारा. पहाटे चारला उत्तर आलं, तर ती वेळ नाइटवाल्यांनी ड्युटी संपायच्या आत उरकावं म्हणून ठरलेली असते. थंडीच्या दिवसांत ऐंशी वर्षांच्या बाईला त्या वेळी न्हाऊ घालणं मला मान्य नाही. बेल कॉटवरून हाताला लागते का, बाथरूमला पडदा आहे का, पाण्याचा पेला पोहोचेल असा ठेवलाय का, ते बघा. आणि एखाद्या आजींशी दोन मिनिटं बोलायची परवानगी मागा. ती मिळाली नाही, तर दुसरीकडे काम शोधा.